एक मोजा झाला, जोडी कधी होणार?

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: आई निफाडला राहते, थंडीत तिचे पाय गारठतात, म्हणून तिच्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले. पहिला मोजा जानेवारीत पुरा झाला. दुसऱ्याची जेमतेम बॉर्डर झाली आणि तेव्हापासून तो पिशवीत पडून आहे. याआधी स्वेटर झाले, टोपडी झाली, शाल झाली, अर्धवट काही राहिलं नाही. मग मोज्यालाच असं का होतं, आणि जोडी पुरी करायला मन कसं लावायचं?

बरीच वर्षं विणकाम शिकवतेय, मोज्यांचा वर्ग घेतला की हा प्रश्न येतोच. तेव्हा पहिली गोष्ट, आपल्यात चिकाटी नाही हे मनातून काढून टाका. अख्खा स्वेटर पुरा करणाऱ्या बाईला चिकाटी कमी कशी असेल? गडबड मोज्याच्या घडणीत आहे, आणि थोडी आपण तो ज्या क्रमाने विणतो त्यात.

पण मन लावायचं नंतर बघू. आधी तो झालेला मोजा आईच्या पायात घालून बघा. निफाडला जाणं लांबलं असेल तर निदान तिच्या पायाचं माप मागवा आणि मोजा टेबलावर पसरून त्याच्याशी ताडून बघा. हे मी मुद्दाम आधी सांगते. अडकून पडलेले दुसरे मोजे माझ्याकडे येतात तेव्हा पहिल्या मोज्यात बहुतेक वेळा काहीतरी बिनसलेलं असतं. टाच तळव्याखाली सरकते, बॉर्डर पोटरीला काचते, नाहीतर बोटांपुढे बोटभर जागा उरते. विणणारीच्या हाताला ते कळलेलं असतं, पण इतकी मेहनत घेतलेली वस्तू बिघडली म्हणायला तोंड उघडत नाही. मग बिघडलेल्या मोज्याची तंतोतंत नक्कल करायला मन कशाला तयार होईल?

माप कसं बघायचं ते सांगते. पायाच्या बोटांमागे, चवड्याच्या सगळ्यात रुंद भागावर टेप गुंडाळा. समजा 22 सेंटिमीटर भरलं, तर मोज्याचा घेर 20 हवा. लोकर ताणून पायाला बसली पाहिजे, पायाच्या मापाचा मोजा बुटात गोळा होतो. लांबीलाही तसंच, पाय 24 सेंटिमीटरचा असेल तर मोज्याचं पाऊल साडेबावीसच्या आसपास. आता 10 सेंटिमीटरमध्ये तुमचे किती टाके बसतात ते मोजा. 32 बसत असतील तर 20 सेंटिमीटरला 64 टाके. 28 च बसत असतील आणि तरी तुम्ही पुस्तकात दिलेत म्हणून 64 घातले असतील, तर घेर जवळपास 23 झाला, आणि मोजा सैल का होतोय याचं उत्तर मिळालं.

मोजा चुकला असेल तर माझा सल्ला ऐकायला विचित्र वाटेल. पहिला उसवत बसू नका. तो बाजूला ठेवा, सुईवरचा दुसरा मोजा बरोबर मापाने विणा, आणि मग पहिला उसवून त्याच लोकरीचा त्याच्या जोडीचा करा. काम वाढतं हे खरं. पण सुईवरचा मोजा आता नक्कल राहत नाही, त्यात पुन्हा काहीतरी सोडवायचं असतं, आणि हात आपोआप चालू होतो. फक्त लांबी चुकली असेल तर एवढंही नको, चवड्याकडून हवं तेवढं उसवून पुढून पुन्हा विणायचं. वरून खाली विणलेल्या मोज्याचा हा मोठा फायदा.

मोजा मापात बसत असेल, तर मग खरोखर कंटाळ्याकडे येऊ.

स्वेटरची दुसरी बाही विणायलाही कंटाळा येतोच. विणणाऱ्या कुणालाही विचारा. पण एका बाहीचा स्वेटर डोळ्यांना खुपतो. तो दोरीवर वाळत घालता येत नाही, कुणाला दाखवता येत नाही, म्हणून आपण रेटून पुरा करतो. मोज्याचं उलट आहे. एक मोजा स्वतःच पूर्ण दिसतो. त्याला बॉर्डर आहे, टाच आहे, बोटांकडचा गोलवा आहे. घरातले हातात घेऊन कौतुक करतात, फोटो जातात, 'किती सुंदर झालाय गं' असं येतं. शाबासकी सगळी पहिल्याच मोज्यावर खर्च होते. त्यात टाच वळवण्याची गंमतही त्यातच संपते. सपाट विणलेल्या पट्टीचा हातात खळगा तयार होतो, ते पहिल्यांदा बघताना प्रौढ बायका लहान मुलीसारख्या हसतात. दुसऱ्या वेळी तो खळगा कसा होतो हे ठाऊक असतं.

त्यात आपल्याकडच्या हवामानाची भर. हे इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाही, कारण तिकडे थंडी महिनोन् महिने असते. आपल्याकडे लोकर आठवते दिवाळी झाल्यावर. मार्गशीर्षात टाके घातले, पहिला मोजा होईतो संक्रांत आली, आणि मग दिवस तिळातिळाने वाढायला लागतो. फेब्रुवारीत दुपारी पंखा लावून लोकर हातात घ्यायची कुणाला हौस असेल? एप्रिलमध्ये तर घामेजल्या बोटांत धागा अडतो, पितळी-स्टीलची सुई चिकटते. तुमचा मोजा नेमका जानेवारीत अडला यात नवल काहीच नाही. पायमोजे गणपती उठले की विणायला घ्यावेत. पाऊस सरत आलेला असतो, हात कोरडे राहतात आणि थंडी पुढे उभी असते. उन्हाळ्यातच विणायचं असेल तर बांबूच्या सुया घ्या, घामात त्या धातूपेक्षा बऱ्या चालतात.

आता थोडा हिशेब. 64 टाक्यांचा साधा बायकी मोजा धरा. बॉर्डर आणि घोट्यापर्यंतचा नळा मिळून 15 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 64 फेऱ्या. टाके झाले चार हजारांवर. टाचेची पट्टी 32 टाक्यांवर 32 ओळी, हजारभर टाके. टाच वळवायला अडीचशे. मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून टाके उचलले की सुयांवर 84 होतात, ते कळ्यांत, म्हणजे टाचेच्या दोन्ही बाजूंच्या तिकोनी भागांत, एकाआड एक फेरीला दोन-दोन कमी करत परत 64 वर आणायचे, त्यात दीड हजार. पुढे साधं पाऊल दोन हजारांच्या वर, आणि बोटांकडचा भाग आठशेच्या आसपास. एकूण दहा हजाराला थोडे कमी.

हे आकडे एवढ्यासाठी सांगितले की टाच वळून झाली तेव्हा निम्म्याहून जास्त मोजा झालेला असतो. डोळ्यांना मात्र वाटतं की अजून अख्खं पाऊल बाकी आहे, आणि बायका नेमक्या तिथे पिशवी बंद करतात. हात बसलेला असेल तर 64 टाक्यांची फेरी दोन-अडीच मिनिटांत होते. अख्खा मोजा सात-आठ तासांचा, नवशिकीला बारा-पंधरा. महिनोन् महिने मनावर ओझं घेऊन फिरण्याइतकं ते काम नाही.

प्रगती डोळ्यांना दिसत नसेल तर वजनाला लावा. स्वयंपाकघरात केक-बिस्किटांसाठी घेतलेला ग्रॅमचा काटा असतो ना, तो काढा. मोज्यांची लोकर, म्हणजे 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉनवाली, जर्मन रेगिया-ओपलसारखी, 100 ग्रॅमला साधारण 420 मीटर भरते. मध्यम पायाचा एक मोजा 32-33 ग्रॅम खातो. विणायला बसण्याआधी गुंड्याचं वजन करून चिठ्ठीवर लिहा, उठताना पुन्हा करा. फेऱ्या मोजताना आपण स्वतःला फसवतो, 'झाल्या की वीस' म्हणतो. काटा फसत नाही. तुमच्याकडे 100 ग्रॅमचा गुंडा असेल तर पहिला मोजा आणि ही बॉर्डर जाऊन आता 64 च्या आसपास उरला असेल. तो 36 वर आला की मोजा झाला. टाच वळेल तेव्हा काटा 50 च्या जवळ असेल. माझ्या वर्गातल्या एक काकू ही चिठ्ठी फ्रिजवर लावतात, दुधाच्या हिशेबाशेजारी, आणि घरातले येता-जाता आकडा वाचून चौकशी करतात. त्यांच्या जोड्या वेळेत होतात.

पुढच्या जोडीसाठी मात्र क्रमच बदला. मला विचाराल तर सगळ्यात खात्रीचा उपाय हाच. सुयांचे दोन संच घ्या. आपल्याकडे साध्या दुटोकी सुया महाग नाहीत. लोकरीचे दोन सारखे गुंडे करा, वजन करून. एका संचावर बॉर्डर विणा, थांबा, दुसऱ्यावर बॉर्डर विणा. मग दोन्हीचे नळे, मग दोन्हीच्या टाचा. पहिला मोजा असा कधी 'होतच' नाही, त्यामुळे शाबासकीचा प्रश्न नाही आणि नंतरची मरगळही नाही. टाच वळवण्याची ओळ डोक्यात ताजी असतानाच दुसरी टाच वळते: 18 सुलट, दोन उजवीकडून एकत्र, 1 सुलट, काम फिरवा, पहिला टाका न विणता घ्या, 5 उलट, दोन एकत्र, 1 उलट, परत काम फिरवा, आणि दर ओळीला मधला एक टाका वाढत जातो, शेवटी 18 उरतात. तीन महिन्यांनी हेच परत समजून घ्यायला बसलं की अर्धी संध्याकाळ त्यात जाते.

हाताचा ताण सारखा राहणं हा याचा आणखी एक फायदा. डिसेंबरात घट्ट विणणारा हात मार्चमध्ये सैल झालेला असतो. तेवढ्याच फेऱ्या विणूनही दुसरा मोजा सेंटिमीटरभर लांब निघतो, आणि आपण फेऱ्या मोजण्यात चुकलो असं वाटून उसवत बसतो. सुया घेताना एक जपा. नंबरांच्या हिशेबात 13 नंबर म्हणजे सव्वादोन मिलिमीटर आणि 12 नंबर म्हणजे पावणेतीन. अडीचच्या सुया हव्या असतील तर मिलिमीटर सांगूनच मागा, दोन्ही संच एकाच मापाचे असायला हवेत.

एका लांब केबलच्या गोल सुईवर दोन्ही मोजे शेजारी-शेजारी विणायची रीतही आहे, मॅजिक लूपवर. त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत आणि बघायला छान वाटतं. मला ती फारशी पटत नाही. दोन गुंडे एकमेकांत गुंततात, दर अर्ध्या फेरीला केबल ओढायची, आणि चूक झाली की दोन्हीकडे झालेली असते. चार जोड्या विणून झाल्या असतील तर जरूर करा. पहिल्या जोडीला नको.

दोन संच नको असतील तर निदान एवढं करा, पहिल्या मोज्याचा चवडा बंद करू नका. शेवटी 16 टाके उरतात, 8 वरचे, 8 खालचे. ते वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्यावर ओवून ठेवा आणि त्याच बैठकीत दुसऱ्याचे टाके घाला, बॉर्डरची बोटभर उंची करूनच उठा. तोंड उघडा मोजा कुणाला दाखवता येत नाही. दोन्हीचे चवडे एकाच दिवशी बंद करायचे.

चवडा बंद करायची भीती हेही कित्येक जोड्या रखडण्याचं कारण आहे, ते कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. सुईदोऱ्याने टाके असे जोडायचे की शिवण दिसू नये आणि बोटांना टोचू नये. याला किचनर जोड म्हणतात, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लॉर्ड किचनरच्या नावाने. तोच किचनर, जो 1902 ते 1909 हिंदुस्थानचा सरसेनापती होता आणि ज्याच्याशी बिनसल्यावर 1905 मध्ये कर्झनने व्हाइसरॉयपद सोडलं. इतिहासाच्या पुस्तकात बंगालच्या फाळणीशेजारी भेटलेला माणूस मोज्याच्या टोकाला पुन्हा भेटतो. असो. जोड सोपी आहे, फक्त मधेच बोलायचं नाही. दोन्ही सुया समांतर धरा, मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईत लोकर ओवा. सुरुवातीला पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यातून उलट, मागच्यातून सुलट असा धागा घालून घ्या, टाके काढू नका. मग पुढची सुई: सुलट घाला, टाका काढा, पुढच्यात उलट घाला, ठेवा. मागची सुई: उलट घाला, काढा, पुढच्यात सुलट घाला, ठेवा. 'सुलट काढा, उलट ठेवा; उलट काढा, सुलट ठेवा' हे मोठ्याने म्हणत करा. दार वाजलं तर उघडायला दुसऱ्याला पाठवा.

रोजच्या विणण्यात मी एकच पथ्य पाळायला सांगते, अवघड जागी उठू नका. कळ्यांचे टाके उचलायचे बाकी असताना ठेवलेला मोजा परत हातात यायला महिना लागतो. कंटाळा आला असला तरी 17 आणि 17 टाके उचला, त्यावर एक साधी फेरी विणा आणि मग पिशवीत ठेवा. दुसऱ्या दिवशी काही न आठवता, टीव्हीसमोर बसूनही पुढे जाता आलं पाहिजे. नळा आणि पाऊल यासाठी लोकल, बँकेतली रांग, मुलांच्या क्लासबाहेरचा अर्धा तास, सगळं चालतं. टाचेला मात्र घर, उजेड आणि शांतता.

लिहून ठेवायचं तर पोथी नको. किती टाके, कुठली सुई, बॉर्डर किती फेऱ्या, नळा किती फेऱ्या, पट्टी किती ओळी, कळ्यांनंतर चवड्यापर्यंत किती फेऱ्या. सहा आकडे, लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदी पट्टीच्या मागे मावतात. टेपने मोजून दुसरा मोजा कधी विणू नका, लोकर ताणते आणि टेप तुमच्या मनासारखं सांगतो. फेऱ्याच मोजा. दर दहाव्या फेरीला एका टाक्यात रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवला की नजरेनेच मोजता येतं. तुम्ही पहिल्या मोज्याचं काही लिहून ठेवलं नसेल तर अजूनही वेळ गेलेली नाही. सुलट बाजूने एका उभ्या रेषेतली इंग्रजी व्ही अक्षरं मोजत जा, एक अक्षर म्हणजे एक फेरी.

रंग आपोआप बदलणारी लोकर असेल तर दोन्ही मोज्यांचे पट्टे जुळवायचा हट्ट सोडा. जुळवायला म्हणून पाच-सात मीटर लोकर सोडून योग्य रंग शोधत बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांचा उत्साह तिथेच संपतो. पट्टे थोडे वेगळे आले तर जोडी जुळी नाही, बहिणी-बहिणी दिसते. उलट अशी लोकर कंटाळ्यावर चांगली. 'निळा संपेपर्यंत विणते' म्हणून बसावं आणि हिरवा दिसला की त्याच्याही चार फेऱ्या होतात.

लोकरीबद्दल एक कटू गोष्ट. बाजारात बेबी वूल म्हणून मिळणारे पुष्कळ गुंडे निव्वळ ॲक्रिलिकचे असतात. टोपड्याला ठीक, मोज्याला नाही. पाय घामेजतो, आणि ताणलेलं ॲक्रिलिक लोकरीसारखं परत आवळत नाही, दोन वापरांत मोजा घोट्यावर ओघळतो. पहिला मोजा असा ओघळणारा झाला असेल आणि म्हणून दुसरा होत नसेल, तर सरळ सोडून द्या. त्या लोकरीची टोपी करा. ज्या वस्तूचा उपयोग होणार नाही ती पुरी करण्यात कसली शिस्त?

आणि पिशवी कपाटात आत ढकलू नका. नजरेआड गेलेल्या लोकरीला कसर लागते, मग एक मोजाही हाती राहत नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून वरच्या कप्प्यात, हात जाईल तिथे ठेवा.

आता तुमचं. मोजा मापात आहे असं धरून सांगते. ती बॉर्डर पहिल्या मोज्याच्या बॉर्डरवर ठेवून बघा. रुंदीत फरक दिसला तर बॉर्डर उसवा, ती विणायला पाऊण तास लागेल, आणि हाताचा आजचा ताण एकदा कळला की पुढे शंका राहत नाही. फरक नसेल तर आज फक्त नळ्याच्या दहा फेऱ्या, आणि गुंड्याचं वजन. पहिला मोजा आईला पाठवून द्या. एकच पाठवा. निफाडहून दुसऱ्याची विचारणा फोनवर येईल, आणि आई विचारते तेव्हा टाळता येत नाही. टाच झाली की पिशवी घेऊन तिच्याकडेच दोन दिवस जा, पाऊल तिच्या पायावर घालून-घालून विणा, आणि दोन फेऱ्या कमी-जास्त करायच्या असतील तर तिथेच करा.